फोटोतला अण्णासो

फरहीनला प्रदर्शनासाठी एकच फोटो पाठवता येणार होता आणि मुदत आज संपत होती. पेठ वडगावच्या बाजारात चहा पिणाऱ्या एका म्हाताऱ्याचा फोटो तिने फोटोग्राफी क्लबच्या टेबलावर ठेवला.

"चुका सांगा," ती म्हणाली.

क्लबात समीक्षा तीन मुद्द्यांवर चालते.

प्रकाश.

"ह्यो अण्णासो की," अध्यक्ष सिकंदरभाई म्हणाले. "ह्याच्यावर कशाला उजेड पाडलास?"

रचना.

"त्याला मधोमध बसवलंस," अतुल म्हणाला. "निवडणुकीत पडलेला माणूस हाय त्यो. कडंला घे."

भाव.

"पोरीच्या लग्नात आमास्नी जेवायला बोलवलं न्हाई," सिकंदरभाई म्हणाले, "आन हितं बघ कसा गरीब दिसालाय."

"भाई, फोटोबद्दल बोला."

"मग काय बोलालोय?"

फरहीनने फोटो फिरवून डोकं खाली, पाय वर असा ठेवला. आता अण्णासो कुणाला ओळखू येईना, त्यामुळे बोलायला कुणाकडे काही उरलं नाही. सगळे नाइलाजाने फोटो बघू लागले.

शेवटी अतुलने बोट टेकवलं. "हे मागं पांढरंफेक काय हाय? डोळा सारखा तिकडंच जातोय."

प्लास्टिकची खुर्ची होती. फोटो काढताना फरहीनला ती दिसलीच नव्हती, आणि आता खुर्चीशिवाय काही दिसेना.

"हा न्हाई पाठवत," ती म्हणाली. वर्षभरात क्लबात तिला पहिल्यांदाच कुणीतरी चूक दाखवली होती.

सिकंदरभाई अजून वाकून बघत होते.

"त्ये ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "खुर्ची कुणाची हाय?"