मागच्या खिशाची ओढ

मित्रांनो, मी एक जुनं चामड्याचं पाकीट आहे. माझी पाठ वाकडी दिसते ना? त्यात माझा काही दोष नाही. पेंटर उभी हयात माझ्यावर बसत आले.

पेंटर म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवणारे. पहिल्या मोठ्या पाटीच्या कमाईतून त्यांनी मला घेतलं. घेतल्यावर माझ्यात ठेवायला काही उरलं नाही, ही गोष्ट वेगळी. पण दुकानात ते मला अशा ऐटीत उघडत, की समोरच्याला वाटावं आत खजिना आहे. आत बहुधा टर्पेंटाइनचा वास असे.

मग एक दिवस शिडी सरकली आणि पेंटर डोक्यावर पडले. इस्पितळातून परतले ते चालत, बोलत, चेष्टा करत. पण सकाळचं दुपारी आठवेना. घरात झाडू नाही, एवढं मात्र पक्कं आठवे. त्यामुळे ते दुकानात जात आणि झाडू घेऊन येत.

"अहो, घर झाडायचंय की झाडूचं दुकान काढायचंय?" काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, आधी हसायच्या. पण औषधाचे पैसेही झाडूत गेले, त्या दिवशी त्या हसल्या नाहीत. त्यांनी मला कपाटात डांबरगोळ्यांशेजारी ठेवून दिलं.

कपाटाच्या फटीतून मला दार दिसे. बाहेर निघताना पेंटर मागचा खिसा चाचपत. थबकत. पुन्हा चाचपत. मला पाय असते तर मी तिथूनच त्या खिशात उडी घेतली असती. हळूहळू त्यांनी बाहेर जाणंच सोडलं.

एकदा इस्पितळातल्या बाई घरी आल्या. डोक्याला मार लागलेल्यांना रोजचे व्यवहार पुन्हा शिकवणं, हे त्यांचं काम.

काकू म्हणाल्या, "दुकानदार त्यांच्यादेखत मला विचारू लागला, यांना साबण देऊ का? तेव्हापासून हे घरातच बसून असतात."

"त्यांचं पाकीट कुठंय?"

"कपाटात. अगदी सुरक्षित आहे."

"पाकीट सुरक्षित आहे हो. त्यांचं काय?"

मग ठरलं. औषधाचे आणि घरभाड्याचे पैसे बँकेतून परस्पर जातील. माझ्यात फक्त बाजारापुरते राहतील. ते किती, हे दोघांनी मिळून ठरवायचं. आणि आत एक आठवण लिहायची. काकूंनी लगेच चिठ्ठी लिहून माझ्यात खोचली: 'झाडू नको!'

पेंटरांनी ती वाचली आणि तोंड वाकडं केलं. "ही पाटी कुणी रंगवली? अक्षरं लंगडी आहेत." चिठ्ठी फेकून त्यांनी बारीक ब्रश शोधला. हात जराही न अडखळता माझ्या आतल्या झडपेवर पांढरी अक्षरं उमटली, खाली सावलीसकट: 'थांबा. झाडू घरी आहे.'

गुदगुल्या झाल्या मला. पण खरी परीक्षा दुकानात होती.

दुकानात शिरताच पेंटरांनी झाडू उचलला. दुकानदाराने सवयीने काकूंकडे पाहिलं. काकू रस्त्यावरची वाहनं न्याहाळू लागल्या. त्यांचे हात मात्र पिशवी पिळत होते. पेंटरांनी मला उघडलं. वाचलं. पुन्हा वाचलं. मागच्या गिऱ्हाइकाने घसा खाकरला.

"पाटी झकास आहे," पेंटर म्हणाले. "कुणी रंगवली?"

"तुम्हीच रंगवलीत, पेंटर," काकू हळूच म्हणाल्या.

"वाटलंच. असा 'झ' दुसऱ्या कुणाला जमायचा नाही."

त्यांनी झाडू जागेवर ठेवला, साबण घेतला, आणि त्याच जुन्या ऐटीत माझ्यातून पैसे काढून दिले. मग मी मागच्या खिशात गेलो. ते घरी येऊन माझ्यावर बसले. किती दिवसांनी पाठ दुखली!

मित्रांनो, पुढचा माणूस पाकीट उघडून नुसताच उभा राहिला, तर मागून "चला, चला, आटपा" म्हणू नका. कदाचित तो वाचत असेल.