क्रॅगबेकची निळी फुली

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी चिडलेलो आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना हळूच डोळे पुसतात, तसलं काही माझ्याकडून व्हायचं नाही. मी हॉबडेल रेल्वे कंपनीचं पार्सलाचं तिकीट आहे. प्रवाशानं खिशात ठेवायचं ते जाड तिकीट नव्हे. पार्सलावर डिंकानं चिकटवायचं, पातळ कागदाचं, विटकरी रंगाचं. माझा एक कोपरा फाटका आहे आणि पोटावर निळ्या पेन्सिलीची अर्धी फुली आहे. पूर्वी ती पुरी होती. ती अर्धी कशी झाली, ते आठवलं की माझं डोकं अजून फिरतं.

आमच्या काळी इंग्लंडात रेल्वे कंपन्या आपापली तिकिटं छापायच्या. गिऱ्हाइकानं पार्सल आणलं की क्लार्क त्यावर तिकीट चिकटवायचा आणि वर फुली मारायचा, म्हणजे कुणा लबाडाला तेच तिकीट पुन्हा वापरता येऊ नये. फुली बसली की आम्ही कामाला लागलो. ज्याच्यावर फुली नाही, ते तिकीट जन्मभर खणात झोपा काढत पडलेलं असणार, हे खुशाल समजा.

माझ्यावर फुली मारली डॉर्कस मेटकाफनं. पहिल्या महायुद्धात गावातले पुरुष लढायला गेले, तेव्हा नाइलाजानं कंपनीनं क्रॅगबेक स्टेशनच्या पार्सल खिडकीवर तिला बसवलं. स्टेशनमास्तर रोज सकाळी तिला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायचा, "बाईमाणसाच्या हाती पार्सलं दिलीत, आता लोणी लंडनला आणि पेट्या देवाघरी!" डॉर्कस खाली मान घालून पेट्यांवर तिकिटं चिकटवत राहायची. तिची पेटी कधी चुकली नाही.

एके दिवशी एका शेतकऱ्यानं वेताच्या टोपलीत लालभडक तुऱ्याचा कोंबडा आणला. लँगहोपच्या शाळामास्तरांना तो पाठवायचा होता. डॉर्कसनं टोपलीला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली, तिच्यावर मला चिकटवलं, तेवढ्यात त्या द्वाडानं फटीतून मान काढून माझा कोपरा तोडला. पुढच्या झटक्यात तिच्या बोटाला चोच मारली. रक्त आलं.

स्टेशनमास्तर दारातून हसला. "काय, बोलवू का कुणा पुरुषाला?"

"बोलवा की," डॉर्कस म्हणाली. "कोंबड्याला धीर द्यायला कुणीतरी हवंच. त्याला याच गाडीनं जायचंय."

आणि तिनं माझ्यावर फुली मारली. एक रेघ सरळ, दुसरी आडवी जाऊन शेवटी शेपूट वर वळवलेली. तिची फुली नेहमी तशीच असायची. मित्रांनो, मी तेव्हा फार खूश झालो होतो. कोपरा गेल्याचं काहीसुद्धा वाटलं नाही.

पुढं लढाई संपली आणि पुरुष परत आले. कंपनीनं एका शनिवारी डॉर्कसला सांगितलं, सोमवारपासून येऊ नका. शिफारसपत्र नाही, आभार नाहीत, कपभर चहासुद्धा नाही. नंतर स्टेशनात लाकडी फळी लागली, तिथं नोकरी केलेल्या सगळ्यांच्या नावांची. तिच्यावर हमालांची नावं आहेत. उंदीर मारणाऱ्या मांजराचं आहे. डॉर्कसचं नाही! तिनं तिथं काम केलं याची जगात एकच खूण उरली होती आणि ती माझ्या पोटावर होती.

मी मात्र शाळामास्तरांच्या खणात पडून राहिलो. कोंबडा आवडला म्हणून त्यांनी चिठ्ठी जपून ठेवली होती. ते गेले, त्यांच्या पोरांनी सामान विकलं आणि फिरत फिरत मी विल्फ सग्डेनच्या हाती आलो. लोकरीच्या गिरणीतून निवृत्त झालेला हा गृहस्थ जुन्या रेल्वे कंपन्यांची पत्रांची आणि पार्सलांची तिकिटं जमवायचा. मला पाहून त्यानं लगेच भिंग काढलं. चिठ्ठीवरून सोडवताना त्यानं मला कोमट पाण्यात असं काही भिजवलं, की मला वाटलं, चला, म्हातारपणी घर बरं मिळालं.

विल्फची बायको एनिड. ती डॉर्कसची मुलगी. हे मला त्या घरातल्या बोलण्यावरून समजलं, विल्फला मात्र समजूनही समजलं नव्हतं. हॉबडेलच्या एकूणएक इंजिनांचे नंबर त्याला तोंडपाठ. त्या नावांच्या फळीचा फोटो त्यानं काच घालून भिंतीवर लावलेला. पण आपली सासू क्रॅगबेकच्या खिडकीवर होती, हे बायकोनं शंभरदा सांगितलं तरी तो "हं, हं" करायचा आणि भिंगातून तिकिटं बघत बसायचा.

आता खरी चीड आणणारी गोष्ट ऐका. या छंदवाल्यांना वापरलेल्यापेक्षा कोरं तिकीट प्यारं असतं. जे कामाला गेलंच नाही त्याचा मान मोठा! विल्फकडं हॉबडेलची सगळी तिकिटं कोरी होती, एक मी सोडून. माझ्या जातीचं कोरं तिकीट कुठं मिळेना. तिकिटं जमवणाऱ्यांच्या क्लबाच्या प्रदर्शनात कोऱ्यांच्या पानावर एकही फुलीवालं चालत नाही, लोक नाकं मुरडतात. विल्फला यंदा काही झालं तरी पहिल्या बक्षिसाचा कप हवा होता.

शनिवारी एनिड बाजारात गेलेली पाहून त्यानं मला चिमट्यानं उचलून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. ताज्या पावाचा मऊ भाग काढला, त्याची गोळी केली आणि फुली पुसायला ती खोडरबरासारखी माझ्या पोटावर घासायला लागला. मी ओरडलो असतो, पण कागदाला कुठला आवाज! सरळ रेघ हळूहळू फिकट झाली आणि गेली. तिच्याबरोबर माझा विटकरी रंगही गेला. तो आपला जीभ दाताखाली धरून घासतोय, जणू मोठं पुण्याचं काम चाललंय. तेवढ्यात दार वाजलं आणि एनिड आत आली.

"विल्फ, माझा पाव कुणी पोखरला?"

"मी थोडासाच घेतला गं. मधला."

"मग चहाबरोबर काय खाणार आहेस, चिमटा?" असं म्हणत तिनं पिशवी टेबलावर ठेवली आणि तिची नजर माझ्यावर पडली. ती वाकली. पिशवीतला एक कांदा घरंगळत खाली गेला, तिचं लक्ष नव्हतं.

"ही शेपटी," ती म्हणाली.

"निळ्या पेन्सिलीची घाण आहे. निघतेय बघ छान."

"घाण?" एनिडचा आवाज चढला. "आईच्या हातची खूण आहे ती!"

"कुणाच्या आईच्या?"

"माझ्या! जॅमच्या बरण्यांवर हीच असायची, धुवायच्या चादरींवर हीच असायची. तू त्याच बरण्यांतला जॅम खाल्लास की रे बोटं चाटून! क्रॅगबेकच्या खिडकीवर ती होती, हे लग्न झाल्यापासून तुला सांगतेय मी. इंजिनांच्या चाकांचं माप लक्षात राहतं तुझ्या, सासू नाही राहत?"

विल्फचा चेहरा पडला. त्यानं पावाची गोळी हळूच खिशात घातली. मग बिचाऱ्याला वाटलं, आपल्याला उपाय सापडला.

"एनिड, रडू नकोस. माझ्याकडं तशीच निळी पेन्सिल आहे. पुन्हा काढून देतो. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"वा! उद्या मी मेले तर शेजारणीला माझा एप्रन घालून चुलीपुढं उभी कर आणि म्हण, कुणाला कळणारसुद्धा नाही!"

एनिडनं डोळे पुसले, हात धुतले आणि जाड कागदाचा तुकडा काढून त्यावर लिहायला बसली.

"हे पान प्रदर्शनात जाणार," ती म्हणाली. "मधोमध हे तिकीट आणि खाली ही पट्टी."

विल्फनं वाचलं. "अगं बाई, क्लबात तोंड दाखवायला जागा उरणार नाही मला!"

"मग पाठ दाखव."

प्रदर्शन चर्चच्या हॉलमध्ये होतं. कोऱ्या तिकिटांच्या मधोमध मी, फाटक्या कोपऱ्याचा, पोट घासलेला. क्लबाचे अध्यक्ष ब्रेथवेट हातात केकची बशी घेऊन आमच्यापुढं थांबले आणि त्यांचा घास तोंडातच राहिला.

"सग्डेन, हे खराब तिकीट काढून घ्या. आणि ही पट्टीसुद्धा. घरातली भांडणं इथं कशाला?"

एनिड पुढं सरसावली, पण तिच्या आधी विल्फ बोलला. त्याचे कान लाल झाले होते.

"काढणार नाही. पट्टी वाचा, साहेब. मोठ्यानं वाचा."

"अहो, पण..."

"मोठ्यानं!"

हॉलमधले लोक वळून बघायला लागले. ब्रेथवेटनी घसा खाकरला आणि वाचलं, "हॉबडेल रेल्वे. फुली डॉर्कस मेटकाफ यांच्या हातची, पार्सल क्लार्क, क्रॅगबेक. अर्धी फुली माझ्या नवऱ्यानं पावानं पुसली. एनिड सग्डेन."

कुणी हसलं नाही. दोनतीन जण घाईघाईनं आपापल्या पानांपुढं जाऊन उभे राहिले, त्यांच्या कोऱ्या तिकिटांवरून काय काय पुसलेलं होतं ते मी सांगत नाही. कप दुसऱ्याला मिळाला. एनिड मात्र कितीतरी वेळ त्या पट्टीजवळ उभी होती, आणि कुणी विचारलं की "हो, माझी आई" म्हणत होती.

मित्रांनो, एवढ्यानं माझा राग शांत झाला असेल असं समजू नका. विल्फ आता मला फार जपतो, मला ते जपणं आधी हवं होतं. तुमच्या हाती कधी एखादी जुनी वस्तू आली आणि तिच्यावर शाई, ओरखडा, कुणाच्या बोटाचा डाग दिसला, तर चकचकीत करायला धावू नका. तो हात कुणाचा, ते आधी घरातल्या माणसांना विचारा, आणि ती सांगत असतील तेव्हा नीट ऐका. माझी गेलेली रेघ आता कुणालाच काढता यायची नाही. जिला येत होती तिला कंपनीनं एका शनिवारी घरी पाठवलं.