दर्यापालाचं दुसरं पान

परेशला मी खेळायला बोलावलं ते दोस्ती हवी होती म्हणून नाही. त्याला पकडायचं होतं म्हणून.

मी क्रांती. रेवसच्या अलीकडे आमचं खाजणातलं गाव. आठवडाभर कंटेनर यार्डात गेटपास फाडते आणि रविवारी राक्षस आणि जादूगार चालवते. फाशांचा खेळ आहे. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकानं एक पात्र घडवायचं, त्याचं नाव, कूळ, मागची कहाणी लिहायची. मग मी संकट सांगते, ते काय करणार ते सांगतात, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवतो. कोणी शिकवलं नाही मला. व्हिडिओ बघून शिकले, फासे रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्याला जाऊन आणले. लोक हसले. हसोत.

आम्ही अमिषाच्या वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानावरच्या माळ्यावर बसतो. रविवारी दुकान बंद असतं. अमिषा, ट्रक चालवणारा जीवन, आणि गेल्या महिन्यापासून परेश. परेश म्हणजे दयारामकाकांचा पुतण्या. दयाराम म्हणजे ज्याच्यामुळे माझ्या बापाचं नाव मातीत गेलं तो माणूस. नऊ वर्षं मी हेच मानत होते.

आमची भातशेती समुद्राच्या बांधाआड आहे. बांधात एक दार, त्याला आम्ही उघाडी म्हणतो. ओहोटीला फळ्या काढायच्या, शेतातलं पाणी जाऊ द्यायचं. भरतीच्या आधी फळ्या बसवायच्या. एकदा खारं पाणी आत शिरलं की तीन-चार वर्षं ती जमीन भात देत नाही. म्हणून उघाडी गावकी एकाच माणसाला देते. तो मान माझ्या बाबांचा होता. रामचंद्र उघाडीवाला.

नऊ वर्षांपूर्वी नवरात्रात, लोंब्या भरलेल्या असताना, भर दुपारी पाणी आत आलं. फळ्या जागेवर नव्हत्या. बाबा म्हणाला, कुणीतरी काढून नेल्या. आणि आणखी एक वाक्य म्हणाला: सकाळी दयाराम बांधावर दिसला होता.

त्या एका वाक्यावर गाव त्याच्यावर उलटलं. दयारामकाकांनी पुढच्या वर्षी आपली जमीन विकली, तेव्हा लोक म्हणाले, बघा, आधीच ठरलेलं होतं. परेशच्या बहिणीच्या हळदीला गावातलं एकही माणूस गेलं नाही. आमच्याकडे हळद लग्नाहून मोठी, अख्खं गाव नाचायला येतं. मांडव रिकामा, बेंजोवाले रिकाम्या खुर्च्यांपुढे वाजवत होते. मी आमच्या पडवीतून ऐकत होते आणि मला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू?

पण सुटका बाबाचीही झाली नाही. ज्याच्या राखणीत पाणी आलं त्याच्याकडून उघाडी गेली. आता तिथं नवं लोखंडी दार बसलंय, कुलपाचं. त्याची चावी कुणाला द्यायची ते या रविवारी संध्याकाळी गावकीत ठरणार होतं. माझं ठरलं होतं: दयारामचं पाप सगळ्यांसमोर काढायचं आणि चावी बाबाच्या हातात घालायची.

म्हणून मी खेळात नवा नियम आणला. पात्राची कहाणी दोन पानांत. पहिलं पान मला गुरुवारी द्यायचं. दुसऱ्या पानावर पात्राची एक चूक, जी त्यानं कुणालाच सांगितलेली नाही. ते पान टाचणी मारून बंद ठेवायचं, रविवारी टेबलावरच उघडायचं. माणूस दुसऱ्याच्या नावानं लिहायला लागला की सैल सुटतो. घरातलं ऐकलेलं, पाहिलेलं, सगळं कागदावर सांडतो. परेश काहीतरी सांडेल याची मी वाट बघत होते.

सांडलं. गुरुवारी मी यार्डात असताना तो पान आमच्या घरी देऊन गेला. रात्री वाचलं.

"नाव: दर्यापाल. काम: क्षारदुर्गाच्या पाणदाराचा पहारेकरी. दाराबाहेर खारा राक्षस, दिवसातून दोनदा येतो. ताकद चौदा, चपळाई नऊ, हिंमत पाच. दाराची फळी एकदा मोडली. तिचा अर्धा तुकडा दारापासून तिसऱ्या तिवराच्या मुळात, चिखलात झोपला आहे. कुणाला माहीत नाही."

शेवटच्या ओळी मी परत वाचल्या. फळ्या चोरीला गेल्या एवढंच गावाला माहीत होतं. मोडली हे कुणी सांगितलं याला? तिवराच्या मुळात कुणी पुरलं ते?

बाबा समोरच बसला होता, पाग, म्हणजे फेकायचं जाळं, विणत. मी विचारलं, "परेश किती वेळ थांबला?"

"थांबला जरा. चाय पियाला."

"त्या घरातल्या माणसाला तू चहा दिलास?"

"पोरगा घरी आला, काय हाकलू?" त्यानं वर पाहिलं नाही.

शनिवारी ओहोटीला मी कोयता घेऊन उघाडीवर गेले. दारापासून तिसरं तिवराचं झाड. मुळं तोडली, हात कोपरापर्यंत चिखलात घातला. तासाभरानं लाकूड लागलं. अर्धी फळी, काळी पडलेली, एका टोकाला लोखंडी कडी. ती कडी मी लहानपणी शंभर वेळा पाहिली होती. फळी गोणत्यात गुंडाळली आणि रविवारी सकाळी माळ्यावर माझ्या खुर्चीखाली ठेवली.

आधी जीवन वाचायला लागला. "माझा बुटका, दाढीवाला, कुऱ्हाडवाला. लहानपणी त्याच्या आईबापाला ड्रॅगनने मारलं."

"परत?" अमिषा म्हणाली. "मागच्या पात्राचे पण ड्रॅगननेच मारले होते. ड्रॅगनला दुसरा धंदा नाय काय रे?"

"मग काय लिहू? आईबाप पनवेलला फ्लॅटमध्ये राहतात?"

"लिही ना. जास्त भीती वाटेल."

परेश हसला. मी त्याच्याकडे बघत होते. हसताना माणूस किती साधा दिसतो, आणि मनात काय असतं!

"परेश," मी म्हणाले, "तुझा दर्यापाल आता पाणदारावर उभा आहे. राजाचे शिपाई आलेत. ते विचारतात, फळी कुणी मोडली?"

परेशचं हसू गेलं. "दर्यापाल म्हणतो, राक्षसाने."

"शिपाई म्हणतात, खोटं. राक्षस दारात नव्हता. त्या सकाळी तुझा काका बांधावर होता."

"दर्यापालाला काका नाही, क्रांती."

"तुला आहे ना!"

जीवन फासा हलवता हलवता थांबला. "ए, काय चाललंय? हे गेममधलं आहे ना?"

मी गोणतं ओढलं आणि फळी टेबलावर आपटली. वाळलेला चिखल जीवनच्या पात्राच्या कागदावर उडाला. "ही तिसऱ्या तिवराच्या मुळात मिळाली. तुझ्या पानावर पत्ता होता. तुझ्या काकानं पुरली, तुला सांगितलं, आणि तुला वाटलं मी खेळ समजून सोडून देईन."

परेश फळीवर वाकला. कडीला बोट लावलं. "म्हणजे खरंच होती," तो हळूच म्हणाला.

"नाटक नको."

"दुसरं पान उघड. तुझाच नियम आहे."

त्यानं पुढे केलेल्या पानाची मी टाचणी काढली. आणि पहिला शब्द वाचायच्या आधीच मला कळलं, कारण अक्षर परेशचं नव्हतं. मोठं, वाकडं, रेघ सोडून खाली घसरणारं. चौथीत शाळा सुटलेल्या माणसाचं. आमच्या घरी रेशनच्या यादीवर असतं ते.

"दर्यापाल भरती तिथीवर मोजतो. तिथीची पाऊणपट केली का भरतीचा तास येतो. त्या वर्साला त्यानी तिथी मोजली न्हाय. घरात घटाला तिसरी माळ चढली ती बघून तृतीया धरली. सव्वादोनची भरती. पन त्या वर्साला द्वितीया दोन आल्या व्हत्या. भरती दीडची व्हती. दर्यापाल पाऊन तास उशिरा पोचला. पानी दारात आला व्हता. फळी घालाया गेला ती मोडली, नडगी फुटली. बाकी फळ्या पान्यानी नेल्या. तुकडा पुरला. गावाला सांगितला चोरी झाली. दुसऱ्याचा नाव घेतला. तो मानूस बांधावर नुसता खेकडे धरत व्हता."

बाबाच्या डाव्या नडगीवर खूण आहे. विचारलं की सांगतो, होडीतून पडलो.

"काय लिहिलंय?" अमिषानं विचारलं. मी कागद उलटा ठेवला.

परेश माझ्याशी, फक्त माझ्याशीच बोलला. "मी आलो तो मुदत मागायला, पानं कोरीच होती. तुझ्या बाबांनी विचारलं, कसला कागद? मी सांगितलं, असा असा खेळ, पात्राची एक चूक लिहायचीय, सुचत नाही. ते म्हणाले, लिही, मी सांगतो. पहिलं पान सांगितलं. मी तीन फासे टाकायला दिले, आकडे त्यांनीच टाकले. हिंमतीला पाच आले तर हसले. दुसऱ्या पानाला म्हणाले, दे इकडे, हे मीच लिहितो."

"आणि तू गप्प बसलास? तुझ्या बहिणीची हळद..."

"मला विचारू नकोस मला काय वाटलं ते."  मग त्यानं फळी माझ्याकडे सरकवली. "आम्हाला नऊ वर्षांची सवय आहे. संध्याकाळी गावकी आहे. फाडायचं तर फाड. मी दुसरं पात्र करतो, ड्रॅगनने आईबाप मारलेलं."

जीवननं हातातला फासा खाली ठेवला.

फाडावं असं वाटलं. खरं सांगते, कागद मुठीत चुरगळलाही होता.

घरी आले. बाबा अंघोळ करून, पांढरा सदरा घालून बसला होता. मी कागद त्याच्या पुढ्यात टाकला.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगाया तोंड न्हवता."

"आणि परेशला होतं?"

"त्याचा देना व्हता, पोरी. तुझा न्हाय."

"माझं नाही? नऊ वर्षं मी त्या माणसांचा दुस्वास केला! तुझ्यासाठी! दयारामकाका समोरून आले की रस्ता बदलला. मला मांडवातला बेंजो ऐकून आनंद झाला होता, माहीत आहे तुला?"

तो नडगीवरून हात फिरवत राहिला. मला त्याची दया आली आणि त्या दयेचाही राग आला.

"आता गावकीत काय सांगणार?"

"तू वाच," तो म्हणाला. "तुला बोलता येता."

देवळासमोरच्या मांडवात ऊन अजून होतं. दयारामकाका खांबाला टेकून एकटेच बसले होते, त्यांच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा मोकळी. ती जागा नऊ वर्षं अशीच राहते. परेश त्यांच्या मागे उभा होता. मला बघून काकांनी मान खाली घातली. गावभर मीच बडबडत फिरले होते की या रविवारी कुणाचं तरी नाव काढणार.

गावकीचे अध्यक्ष बाबाजी पाटील यांनी चावी वर धरली. "कुणाकडं द्यायची, बोला."

मागून कोणीतरी म्हणालं, "रामचंद्रालाच द्या. नऊ वर्सं झाली, पुरे झाला आता. चोरी दुसऱ्यानी केली, भोगला त्यानी."

"व्हय, व्हय," चारपाच जण म्हणाले. "द्या त्यालाच."

झालं होतं. मला हवं होतं तेच, मी तोंड न उघडता. कागद माझ्या हातात होता. बाबा माझ्याकडे बघत होता. परेश बघत होता. बाबाजी पाटील म्हणाले, "क्रांती, तुला काय बोलायचा व्हता ना?"

मी उठले नाही. बाबाला वाचवायचं म्हणून नाही. खेळात माझा एक नियम पहिल्या दिवसापासून आहे: पात्राच्या वतीनं मी बोलत नाही. संकट मी आणीन, दार मी दाखवीन, पण ज्याचं पात्र त्यानं तोंड उघडायचं. मी बाबाकडे बघितलं आणि कागद त्याच्या मांडीवर ठेवला.

 बाबाजी पाटील चावी घेऊन पुढे आले, बाबाच्या हाताशी धरली. बाबाचा हात वर आला. मला वाटलं, घेतली. घेतलीच आता.

त्यानं पाटलांचा हात बाजूला सारला आणि उठला. कागद उघडला, पण वाचला नाही. "दयाराम," तो म्हणाला, आवाज इतका बारीक की मागच्यांनी कान पुढे केले, "त्या दिवशी माळ तिसरी व्हती, तिथी दुसरी व्हती. फळी माझ्या हातानी मोडली. तू खेकडे धरत व्हतास. मी खोटा बोललू."

 मग एकदम सगळे बोलायला लागले. कुणी शिवी दिली, कुणी चप्पल घालून निघालं. दयारामकाका उठले. मला वाटलं मारतील. ते बाबाच्या समोर आले, उभे राहिले आणि त्याला वळसा घालून मांडवाबाहेर गेले. माफ केलं का? नाही. का करावं?

चावी त्या दिवशी कुणालाच दिली नाही.

पुढच्या रविवारी परेश येईल असं वाटलं नव्हतं. आला. दर्यापालाचं पहिलं पान त्यानं माझ्यापुढे ठेवलं आणि हिंमतीच्या आकड्यावर बोट ठेवलं. "हे तुला बदलावं लागेल. आकडे तुझ्याशिवाय कुणी बदलत नाही."

मी पाच खोडलं. पेन्सिल धरून बसले. नऊ वर्षं गप्प बसलेल्या माणसाला किती द्यायचे? एका संध्याकाळचे किती?

"लवकर ना," जीवन ओरडला, "माझ्यावर ड्रॅगन आलाय."

हिंमतीपुढची ती जागा मी अजून मोकळीच ठेवली आहे.