भवानीचे चार रुपये

वारूळवाडीच्या फाट्यावर गोरखचं कॉफीचं दुकान होतं. चहाच्या मुलखात कॉफी विकायला बसणारा माणूस एक तर हुशार असतो, नाहीतर हट्टी. गोरख काही हुशार नव्हता. चौऱ्याण्णव साली दुकान टाकलं तेव्हा पहिले पंधरा दिवस एकटे मळ्यातले धर्माजी यायचे. जायफळाची कॉफी बशीत ओतून फुरके मारत प्यायचे, पैसे ठेवायचे आणि दिवसाची भवानी व्हायची. ती पहिली कमाई गोरख कपाळाला लावून मगच गल्ल्यात टाकायचा. पुढं दुकान चाललं, बाकडी वाढली, पण नऊ वर्षं भवानी धर्माजींचीच राहिली.

मग दूध महागलं, साखर महागली. गोरखनं मन घट्ट करून पाटीवर तीनचे चार रुपये केले. गिऱ्हाइकं कुरकुरली, दोघं-तिघं समोरच्या चहावाल्याकडे गेली आणि आठवड्यात परतही आली. धर्माजींना सांगायला मात्र त्याची जीभ रेटेना. ते पाटी कधी वाचत नसत. ते तीन ठेवत, हा मुकाट तीन घेई.

"सांगा की त्यास्नी," बायको शीला म्हणाली. "दुसऱ्याकडनं कळलं तर वाईट वाटंल."

"एका रुपायानं काय व्हतंय? माया हाय माझी."

दोन महिन्यांनी सावळेरामानं बाकड्यावरून चेष्टा केली, "धर्माजी, तुमचं बरंय राव! आमी चार मोजतो, तुमास्नी तीनातच!"

सगळे हसले. धर्माजींनी मान वर करून पाटी वाचली. बशीतली कॉफी तशीच राहिली.

"म्या कवा गरिबी सांगितली व्हती रं तुला?" एवढंच बोलून ते चालते झाले.

आठ दिवस फिरकले नाहीत. गोरख घरी जाऊन आला, तर "झोपल्यात" असा निरोप मिळाला, तोही सकाळी दहाला. गल्ला तेवढाच भरत होता, पण भवानी कपाळाला लावताना गोरखला रोज गलबलून यायचं. आपल्यामुळं म्हाताऱ्याचा मान चारचौघांत गेला, हे त्याला आता कळत होतं.

नवव्या दिवशी त्यानं सगळ्यांना कॉफी दिली आणि पैसे कुणाचेच घेईना.

"भवानी व्हायचीय अजून. त्याआदी पैका घ्यायचा न्हाई."

"मग ही धर की," एकानं पैसे पुढं केले.

"तुमची न्हाई चालायची."

तीस-पस्तीस कप फुकट गेले. शीलानं कपाळावर हात मारला. शेवटी सावळेरामालाच आपलं बोलणं सलायला लागलं. तो सायकल काढून धर्माजींच्या मळ्याकडं सुटला.

अर्ध्या तासात धर्माजी तरातरा आले. "डोस्कं फिरलं का रं? दुकान बुडवतो का?"

"चुकलो," गोरख म्हणाला. "तुमच्याबिगर भवानी घेववत न्हाई. पन आज चारच घेईन."

धर्माजी आपल्या जागेवर बसले आणि बशी भरून निवांत प्यायले. तोवर बाकड्यावरचं कुणी हललं नाही. पिऊन झाल्यावर त्यांनी एकेक करत चार नाणी मांडली.

"आन पुढल्या टायमाला भाव वाढवशील, तवा वाढीव पैसं पयलं माझ्याकडनं घ्यायचं."

गोरखनं नाणी कपाळाला लावली, मग डोळ्यांना लावली. तेव्हा कुठं बाकड्यावरची सगळी मंडळी खिशात हात घालून उठली.