पितळी कडं

ड्रिल मशीन एकदम थांबलं तेव्हा मी आधी वर बल्बकडे पाहिलं. वाटलं, वीज गेली. बल्ब चालू होता. मग वळलो तर इर्मा, माझ्या बायकोची धाकटी बहीण, बटणावर हात ठेवून उभी. अंगावर स्वयंपाकघरातला एप्रन, कोट नाही. बाहेर गुडघाभर बर्फ.

"इर्मा, दुसऱ्याचं मशीन असं बंद करतात का? कानस निसटली असती माझी."

"कधीची हाका मारतेय, वेर्नर."

"मला ऐकू येतं का? खांद्याला हात लावायचा."

तिच्या हातांना पीठ लागलं होतं आणि आता माझ्या बटणालाही लागलं होतं. सकाळी सैमी, माझी बायको, तिच्याकडेच गेली होती, दोघी मिळून निसू करायला. वेलचीचा गोड पाव. दर शनिवारचं ते ठरलेलं.

"कानस खाली ठेव," इर्मा म्हणाली.

"का?"

"ठेव ना रे."

मी ठेवली. मग तिने सांगितलं. कणीक मळता मळता सैमी म्हणाली, जरा बसते. खुर्चीवर बसली. इर्मा पाठमोरी वेलची कुटत होती. काहीतरी विचारलं तर उत्तर नाही. वळून पाहिलं तेव्हा सैमी तशीच बसलेली, हात मांडीवर. अॅम्ब्युलन्स आली, पण तोवर सगळं संपलं होतं.

"बरं," मी म्हणालो. माझा एप्रन काढून खिळ्याला अडकवला आणि माझा कोट इर्माच्या अंगावर घातला. रस्त्याने चालताना ती रडत होती आणि मी तिला सांगत होतो, इथे घसरतं, जपून.

मी घासत होतो ते कडं मशीनवरच राहिलं.

त्या कड्याचं नीट सांगायला हवं. आम्ही दोघं कान्तेले बनवायचो. पाच तारांचं, मांडीवर घेऊन वाजवायचं वाद्य. आमच्या भागातल्या फिन्निश घरांत एखादं तरी भिंतीला टांगलेलं असतंच. लाकडाचा एकच ठोकळा घ्यायचा, आतून पोकळ करायचा, वरून पातळ फळीचं झाकण चिकटवायचं. जुने लोक छिन्नीने कोरत. मी राउटरने करतो. दोन मुठींचं यंत्र असतं ते. खाली पातं गरगर फिरतं आणि लाकूड खात जातं. त्याला वाट दाखवायला ठोकळ्यावर फर्मा बसवायचा, म्हणजे मधोमध हवा तो आकार कापून काढलेली फळी. आणि पात्याभोवती पितळेचं कडं लावायचं. कडं फर्म्याच्या कडेला टेकून फिरतं, पातं त्याच्या आत राहतं.

दुकानात त्याला गाइड म्हणतात आणि तयार मिळतं. पण माझं राउटर सासऱ्यांकडून आलेलं. त्याच्या बुडाचं भोक जगावेगळं आहे, कुठलंच तयार गाइड त्यात बसत नाही. म्हणून मी नळाच्या पितळी जोडांतून कडी बनवतो. जोड बोल्टवर आवळायचा, बोल्ट ड्रिल मशीनमध्ये धरायचा, मशीन फिरवायचं आणि वरून कानस टेकवायची. फिरता फिरता घासलं की गोल ते गोलच राहतं.

सगळं त्या कड्याच्या जाडीवर असतं. कडं जाड, तर पातं फर्म्याच्या कडेपासून लांब राहतं. वाद्याची भिंत जाड होते, आवाज कोंडतो. कडं घासत गेलं की पातं कडेकडे सरकतं, भिंत पातळ होते आणि लाकूड बोलायला लागतं. फारच पातळ झाली तर तारांचा ताण सोसत नाही, उभी फुटते. कापलेलं लाकूड परत लावता येत नाही. त्यामुळे खरं काम म्हणजे वेळेवर थांबणं.

ते सैमीकडे होतं. मी कडं जरासं घासायचो, राउटर एकदा आतून फिरवायचो, भुसा फुंकायचो आणि गॅरेजच्या दारातून हाक मारायचो. ती कॉफीचा कप घेऊनच यायची. वाकायची, कान लाकडाजवळ न्यायची, बोटाच्या पेराने दोनदा ठोकायची आणि तोंड किंचित उघडं ठेवून थांबायची. मग म्हणायची, "अजून." आणि जायची. पुन्हा कानस, पुन्हा राउटर, पुन्हा हाक. कधीतरी म्हणायची, "पुरे." छान, झकास असलं काही तिच्या तोंडून निघत नसे.

"कधीतरी पहिल्याच खेपेला पुरे म्हण," मी एकदा वैतागून म्हणालो.

"मग दिवसभर तुझ्याकडे यायला मला दुसरं कारण काय, म्हातारबा?"

माझे कान बर्फ लोटणाऱ्या गाडीने खाल्ले. नोकरीभर तीच चालवली. आता वरचे सूर मला ऐकू येत नाहीत. वाजवणारी ती, ऐकणारी ती, मी हातकाम करणारा.

आम्ही बनवलेली कान्तेले सगळी वाटली गेली. कोणाचं पोर शिकायला यायचं, त्याला द्यायचं. ती स्वतः तिच्या आईचं जुनं, तडा गेलेलं वाजवायची आणि दर वेळी म्हणायची, पुढचं माझं. ह्या खेपेला मात्र तिने ठोकळ्याच्या तळाला पेन्सिलीने लिहूनच ठेवलं होतं, 'हे कोणालाही द्यायचं नाही.' तिच्या वडिलांच्या शेतावर एक अॅस्पेन उन्मळून पडला होता, त्याचा हा शेवटचा तुकडा. "ह्याची भिंत नेहमीपेक्षा बारीक करू," ती म्हणाली होती. "माझंच आहे. फुटलं तर माझं फुटेल."

ती गेली त्या सकाळी मी त्यासाठीच कडं घासत होतो.

लोकांनी महिनाभर जेवण पुरवलं. मग रस्त्यांवरचा बर्फ वितळला, चिखल झाला, आणि एक दिवस इर्मा आली ती ठरवूनच आली होती.

"युहान्नुसला सरोवरावर सगळे जमतील," ती म्हणाली. उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवसाचा आमचा सण. "डॉरीन सैमीसाठी वाजवणार आहे. सैमीच्या नव्या कान्तेलेवर. मी तिला सांगून टाकलंय." डॉरीन सैमीची शिष्या.

"कोणाला विचारून?"

"तुला विचारलं की तू 'बघू' म्हणतोस. म्हणून नाही विचारलं."

"तळाला काय लिहिलंय ते वाच."

तिने ठोकळा उलटा केला, चष्मा वर सरकवला. "अक्षर बघ बाईचं. कोंबडीने उकरल्यासारखं." बराच वेळ वाचत राहिली. तेवढं लांब काही लिहिलेलं नव्हतं. मग म्हणाली, "वेर्नर, कोणालाही न देता तू ते ठेवणार कुठे? भिंतीला टांगणार? वाजवायचं वाद्य आहे ते."

मी म्हणालो, "पुरं तर होऊ दे आधी."

"ते कर ना मग. मी कुठे अडवलंय?"

दुसऱ्या दिवशी मी मशीनपाशी गेलो. बटणावरचं पीठ वाळून त्याची खपली झाली होती. ते न पुसताच बटण दाबलं. कडं फिरायला लागलं, कानस टेकवली, पितळेचा बारीक भुगा बोटांवर आला. कडं राउटरला बसवून फर्म्यातून एकदा फिरवलं. भुसा फुंकला. आणि सवयीने दारापाशी जाऊन दार उघडलं. समोर कपड्यांची दोरी होती, स्वयंपाकघराची खिडकी होती. हाक मारायला घेतलेला श्वास तसाच सोडला आणि दार लावून घेतलं.

मग मीच ठोकून पाहिलं. मला ठक् असं ऐकू आलं. पुन्हा घासलं, फिरवलं, ठोकलं. तरी ठक्.

शनिवारी शेजारचा आर्वो आमच्याकडे सौनाला, वाफेच्या अंघोळीला आला. सौना तापेपर्यंत तो गॅरेजमध्ये येऊन सगळ्याला हात लावतो, ती त्याची रीत.

"अजून ह्याच भंगाराला चिकटून आहेस?" राउटरला टिचकी मारत तो म्हणाला. "अरे, नवं घे. त्याच्याबरोबर डबाभर गाइडं येतात. बारीक, जाड, सगळ्या मापांची."

"आणि थांबायचं कधी ते सांगणारं काय येतं डब्यात?"

"ते तर लग्नात येतं," आर्वो म्हणाला. "माझी तर सकाळपासून तेच सांगते." तो वाकला आणि लाकडावर मुठीने दणका दिला. "छे. दार ठोठावल्यासारखं वाटतंय. आत कोणी नसेल."

मग त्याचं त्यालाच समजलं. टोपी काढली, परत घातली.

"सौना तापली असेल रे," तो म्हणाला. आम्ही गेलो.

इर्मालाही बोलावून पाहिलं. तिने दोनदा ठोकलं, चार ठिकाणी कान लावला. "मला सगळं सारखंच वाटतं. आमच्या घरातला सगळा कान सैमीने घेतला. मला नुसतं नाक मिळालं." मग त्या नाकाला रुमाल लावून ती घरी गेली.

मी घासत राहिलो. प्रत्येक वेळी अगदी थोडं, भिंतीला कागदभर फरक पडेल इतकंच. आम्ही पूर्वी कधी गेलो नव्हतो इतकी भिंत पातळ झाली. उजेडासमोर धरली की कडेला लाकूड पिवळसर दिसायचं. थांबायला हवं हे हाताला कळत होतं. पण थांबायचं मी ठरवत नसे. ते माझं कामच नव्हतं.

डॉरीन आली ती टपालाची गाडी बाहेर चालू ठेवून. टपाल वाटायचं काम करते ती. शाळेत असल्यापासून सैमीकडे शिकली, आता तिची मुलं मोठी झाली तरी शिकतच होती. तिने माझ्या खांद्याला हात लावला. मी मशीन बंद केलं.

"इर्माबाईंनी पाठवलं," ती म्हणाली. "म्हणाल्या, तो कोरून कोरून आरपार जाईल, बघून ये. मी ठोकू का?"

"ठोक."

तिने केस कानामागे सारले, वाकली, बोटाच्या पेराने दोनदा ठोकलं. आणि तोंड किंचित उघडं ठेवून थांबली.

मी खिडकीबाहेर पाहिलं. तिच्या गाडीचा धूर दिसत होता.

"पुरे," डॉरीन म्हणाली.

"नक्की?"

"पुरे आहे, वेर्नर. फार सुंदर बोलतंय. आता एकदा जरी फिरवलंत तरी फुटेल."

"बघू," मी म्हणालो.

"आता काय बघणार?"

ती बरोबर सांगत होती. सैमीचाच कान होता तो, सैमीनेच तयार केलेला. इतके आठवडे मी तोच शब्द ऐकायला थांबलो होतो आणि तो आला तेव्हा मला नको झाला.

"झाकण लावतो," मी म्हणालो. "युहान्नुसच्या आत होईल."

"मला घाई नाही," ती म्हणाली. "माझ्यासाठी करू नका. तळाला काय लिहिलंय ते इर्माबाईंनी सांगितलंय मला." मग हसली. "सैमीबाई वर्गात पण अशाच होत्या. खाऊचा डबा आणायच्या आणि त्यावर लिहायच्या, हात लावू नये. शेवटी सगळं आम्हीच खायचो."

झाकणाची स्प्रूसची फळी मी रंधा मारून गुळगुळीत केली. फळी दाबून धरायचे शिकंजे ओळीने मांडले. एका सकाळी गोंद घरात आणून कोमट केला आणि ब्रशने भिंतीच्या कडेला सगळीकडून लावलाही. फळी हातात घेतली. झाकण बसलं की आत राउटर जाणार नाही, कोणाला बोलावून 'अजून की पुरे' असं विचारताही येणार नाही. विचारण्यासारखं काही उरणारच नाही. मी फळी बाजूला ठेवली आणि गोंद वाळायच्या आत ओल्या फडक्याने पुसून काढला. कडेकडेने, कोपऱ्यांत, सगळा.

युहान्नुसला सरोवराच्या काठी मोठी शेकोटी पेटली. पोरं पाण्यात उतरून थंडीने किंचाळत होती. डॉरीनने सैमीच्या आईचं जुनं कान्तेले आणलं होतं, तड्यावर चिकटपट्टी लावलेलं. ती वाजवायला लागली तशी माणसं गप्प झाली. मला तिची बोटं दिसत होती. आवाज थोडा थोडा येत होता, लाटांबरोबर जात होता.

इर्मा कॉफी घेऊन माझ्याशेजारी येऊन उभी राहिली.

"म्हणजे झालं नाही तर."

"नाही."

"डॉरीन पुरे म्हणाली होती ना?"

"म्हणाली."

"मग घोडं कुठे अडलंय?"

"झाकण लावलं की मग ठोकून बघता येत नाही, इर्मा."

"तुम्ही दोघं एका माळेचे मणी," ती म्हणाली. "ती मेली अजून अजून करत राहिली, तू बघू बघू करतोस. मधल्या मधे लाकडाचा जीव जायचा." आणि कप माझ्या हातात देऊन माझ्या बाहीला धरून उभी राहिली, डॉरीनचं संपेपर्यंत.

आता परत बर्फ पडायला लागला आहे. मी रोज गॅरेजमध्ये जातो, शेगडी पेटवतो. भिंत झाली आहे, आतून पॉलिशपेपर मारून झाला आहे. खुंट्यांची भोकं पाडली आहेत. फळी आहे, गोंदाची नवी बाटली आणली आहे. झाकण चिकटवायचं राहिलं आहे.