नेमकं पाच

वसतिगृहाच्या यादीत शिवगंगाचं नाव नव्हतं. दहावीला तिला गणित शिकवणाऱ्या महामाया मॅडमनी यादी दोनदा वाचली, मग कार्यालयाच्या खिडकीशी जाऊन कारण विचारलं. गावातून किनवटच्या कॉलेजला एसटी नव्हती आणि एकट्या पोरीला जंगलाच्या वाटेनं धाडायला तिचा बाप बालाजी तयार नव्हता. वसतिगृह मिळालं तरच अकरावी.

कारकुनाने अर्ज काढला. घरापासून कॉलेजचं अंतर पाच किलोमीटरपेक्षा जास्त हवं, अशी अट होती. बाकीच्या पोरींनी नऊ, बारा असं ऐकीव लिहिलं होतं. शिवगंगाने लिहिलं होतं पाच. पुरावा म्हणून दहावीच्या वहीचं पानही जोडलं होतं.

ते पान मॅडमनी ओळखलं. निर्देशक भूमिती शिकवताना त्यांनीच तालुक्याच्या नकाशावर चौकटी आखून दिल्या होत्या, एक चौकट म्हणजे एक किलोमीटर. शिवगंगाचं घर (१, २), कॉलेज (४, ६). आडवा फरक तीन, उभा चार. नऊ आणि सोळा मिळून पंचवीस, वर्गमूळ पाच. खाली लाल शाईत 'बरोबर, शाब्बास' आणि त्यांची सही. वाट कशीही वळो, दोन बिंदूंमधलं अंतर एकच असतं, असं त्या वर्गात म्हणाल्या होत्या.

मधे नाला आहे, जंगल आहे, रस्त्याने नऊ भरतात, हे त्यांनी सांगून पाहिलं. कारकून तुसडा नव्हता.

"मॅडम, अक्षर पोरीचं, सही तुमची. मी काय करू? जागा भरल्या आता."

रविवारी त्या किनवटहून शिवगंगाच्या गावाला पायीच निघाल्या. नाल्याला वळसा, मग जंगलाची कड. पोचायला अडीच तास लागले. बालाजीने सतरंजी टाकली, चहा सांगितला.

"तुमच्या गणितानं तर आम्ही शेजारीच राहून राहिलो, मॅडम," तो म्हणाला. हसला मात्र नाही.

शिवगंगा कापसात खुरपत होती. मॅडम बांधावर आल्या तशी उठून उभी राहिली. यादीचं तिला कळलं होतं.

"मॅडम, माझं उत्तर चुकलं व्हतं का?"

महामायांच्या टाचेला फोड आला होता. चुकलं होतं, असं म्हणणं सोपं गेलं असतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "बरोबर होतं."

पोरीच्या चेहऱ्यावर क्षणभर वर्गातलं हसू आलं. मग ती परत ओळीत बसली आणि खुरपं चालू लागलं.