रिकामी तारीख

दोन हजार पंचवीसचा मार्च, एकोणतीस तारीख, शनिवार. पत्रिकेवर बाकी सगळं होतं... कालकथित सुदाम, प्रथम स्मृतिदिन, पुण्यानुमोदन, पालेगावातला पत्ता, निमंत्रक भागीरथी. फक्त ‘दिनांक’पुढे बोटभर कोरी जागा. भागीरथी सकाळपासून तिच्यावरून अंगठा फिरवत होती.

उल्हासनगरचा सिंधी छापखानेवाला हसला होता. ‘‘अम्मा, तारीख तो डालो. लोग आयेंगे कब?’’

‘‘चाँद बतायेगा,’’ ती म्हणाली होती.

खोटं काय होतं त्यात? जितेश, तिचा एकुलता एक, मस्कतला नोकरीला. तिथे ईदची सुट्टी चंद्रावर. आज संध्याकाळी तिकडे चंद्र दिसला तर उद्या ईद, आणि बुधवारी कामावर हजर. नाही दिसला तर ईद सोमवारी, आणि सुट्टी पार शनिवारपर्यंत. तिचा नवरा सुदाम गेला गेल्या वर्षी दोन एप्रिलला. वर्ष भरणार बुधवारी. म्हणजे चंद्र दिसला तर जितेशला मंगळवारीच परतायचं, आणि कार्यक्रम सोमवारी उरकायचा... ‘उरकायचा’ हा दिराचा शब्द. हिरामण तेवढ्यासाठीच नाश्त्याच्या वेळी येऊन बसला होता.

‘‘वहिनी, दादाची तारीख मोडणार? तीही ईदच्या चंद्रावर? मला समाजात तोंड दाखवायचंय.’’

‘‘दाखवा की. चांगलं आहे तोंड.’’

‘‘सोमवारी केलंत तर मी येणार नाही. सांगून ठेवतो.’’

‘‘तुमची खुर्ची मोकळी ठेवीन, भाऊजी. तारखेसारखी.’’

तो चहा अर्धा टाकून गेला. कप विसळताना ती स्वतःशीच बोलत राहिली. ज्यांच्या सणामुळे माझा मुलगा घरी येतो, त्यांच्या चंद्राची वाट बघायला मला कसली लाज? रमजानभर तोही तिथे दिवसा कुणासमोर पाणी पीत नाही. आणि सुदामची तारीख मला कोण शिकवणार... आनंदनगरच्या कारखान्यात चौदा एप्रिलला सुट्टी नसे. एकवीस वर्षं आम्ही दोघं त्या दिवशी गेलो नाही. मुकादम दोघांच्या नावापुढे खाडा मांडायचा, आणि आम्ही पांढरे कपडे घालून त्याच्या दारावरून विहारात जायचो — मुद्दाम त्याच्याच दारावरून. बाविसाव्या वर्षी कंपनीने फळ्यावर सुट्टी लावली. त्या दिवशी सुदाम सकाळपासून गप्प. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाला, ‘‘काही नाही गं. आज कुणाचा हुकूम मोडला असं वाटतच नाही.’’ मी तेव्हा हसले होते.

संध्याकाळी ती गच्चीवर गेली. पश्चिमेला गिरणीच्या धुरासारखा मळकट तांबूस पट्टा. तिकडचा अख्खा मुलूख चंद्र दिसावा म्हणून मान वर करून उभा असेल, आणि ही... दिसू नये म्हणून? बुधवार साधेल, हिरामणही येईल. मग छातीत हे सोमवार, सोमवार काय चाललंय?

आठ वाजून गेल्यावर विमानतळावरून जितेशचा फोन. ‘‘आई, नाही दिसला! शनिवारपर्यंत आहे मी. बाबांची तारीख साधली!’’

‘‘बरं झालं,’’ ती म्हणाली. पाठोपाठ हिरामणचा फोन. ‘‘बघा वहिनी! शेवटी माझंच खरं झालं ना?’’

पेन घेऊन ती एकेका पत्रिकेवर दोन एप्रिल लिहीत गेली. हव्या त्या माणसांसह हवी ती तारीख... आणि आत काहीतरी ताणलेलं सैल होऊन लोंबत राहिलेलं. भांडायला पदर खोचून मी उभी, आणि समोर कुणीच नाही. सुदाम, तू त्या दिवशी गप्प का होतास ते आज कळलं रे.

बुधवारी हिरामण पहिल्या रांगेत बसला, आणि तारीख आपण राखली असं अजून सांगत फिरतो. जितेशची बदली तिकडेच, सोहारला झाली. पुढच्या ईदला त्याला येता आलं नाही. छापखानेवाल्याने त्या पत्रिकेचा नमुना गल्ल्याच्या काचेखाली लावलाय, तारखेविना, गिऱ्हाइकांना हसवायला. आणि एक कोरी मी सुदामच्या फोटोमागे ठेवलीय. फोटो पुसताना ती हाताला लागते, आणि सोमवार लिहायला बोटं अजून शिवशिवतात.